साक्षीतला शमुवेल

आमच्या मंडळीत साक्ष देतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रविवारची उपासना झाली की एकेकानं उठायचं आणि प्रभूनं आपल्याला कुठल्या गटारातून बाहेर काढलं ते चारचौघांत बोलायचं. ज्याचं गटार मोठं त्याची साक्ष मोठी. बायकांच्या साक्षी बारक्या. कंबर धरली होती, सुटली. म्हैस लाथ मारायची, आता उभी राहती. माझ्या नवऱ्याची साक्ष मात्र मोठी होती.

नवरा म्हणजे अंगद. दारू प्यायचा, मला मारायचा. आता पीत नाही, मारत नाही. हे खरं आहे आणि त्याचे उपकार मी देवाचेच मानते. पुढं जे सांगणार आहे त्यानं हे खोटं ठरत नाही. पण तो दर रविवारी उभा राहून सांगायचा, "मी हिला पऱ्हाटीच्या फोकानं मारलं. हिच्या डोक्यात तांब्या घातला. हिची जोडवी इकून प्यालो." मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेली. सगळ्या मान वळवून माझ्याकडं बघायच्या, कपाळावरचा तांब्याचा वण दिसतोय का म्हणून. मार मी खाल्ला आणि टाळ्या त्याला.

"सत्यशीले, असा नवरा मिळायला नशीब लागतं," त्या म्हणायच्या.

माझी सासू बायनाबाई मंडळीत येत नाही. तिचा खंडोबा तिला पुरतो. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय गं, रोज रोज काय सांगतो तो तिथं? आमी तर बाजूच्याच खोलीत होतो. आमाला फुकटात ऐकू यायचं."

मी तिथं गेले ती नवऱ्याच्या दारूसाठी नाही. मी गेले माझ्या लेकरासाठी. ते तोवर मेलेलं होतं.

त्याचं नाव हनुमान. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी झाला म्हणून सासूनं ठेवलं. दीड वर्षाचा असताना आम्ही त्याला घेऊन ऊस तोडायला गेलो, खाली भीमेच्या काठाला एका फडावर. आमच्या कडा गावाच्या भागातली निम्मी माणसं दिवाळी झाली की जातात, त्यात नवीन काही नाही. राहायला पाचटाची कोपी, खाली ओल, वरून पुसाची थंडी. लेकराला खोकला झाला. मग छाती भरली. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत जायला लागली तेव्हा मला कळलं की हे घरच्या काढ्याचं काम नाही.

दिवस बाजाराचा होता. टोळीतले गडी ट्रॅक्टरवर बसून बाजाराच्या गावाला गेले होते, अंगदही त्यांच्यात. त्याची मोटारसायकल कोपीच्या दाराशी उभी होती. जुनी घेतलेली, पण चालू. चावी त्याच्या खिशात. टोळीत रामकिसन म्हणून एक होता, पाय मुरगळला म्हणून मागं राहिलेला. त्याला गाडी येत होती. तो लंगडत बाजाराच्या गावाला गेला, चावी आणायला. दुपार कलली तेव्हा मोकळ्या हातानं परत आला.

"वहिनी, देत न्हाई," तो म्हणाला. "म्हणतो गाडी पाडशील. म्हणतो येतो की मी."

तेव्हाच गौसिया आली. ती कोपीवर केळी विकायला यायची. मूळची आपल्याकडच्या तेलगावची, तिकडं दिलेली. आपल्याकडची बोली ऐकली की माझ्याजवळ टेकायची. तिनं लेकराकडं बघितलं आणि टोपली खाली ठेवली. तिचा नातू तिच्या कडेवर होता. त्याच्या गळ्यातला ताईत तिनं दातानं दोरा तोडून काढला आणि माझ्या हनुमानच्या गळ्यात बांधला. "आता इथं बसू नको," ती म्हणाली, "चल रस्त्याला." आम्ही दोघी चालत डांबरीपर्यंत गेलो. ती तिच्या नातवाला घेऊन, मी माझ्या लेकराला. टेम्पो मिळाला. डॉक्टरनं नळी लावली आणि मला म्हणाला, "सकाळी कावून आणलं न्हाई?" दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं.

गावाकडं परत आल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. आई असून तुला कळलं कसं नाही. एवढं तान्हं पोर फडावर नेतंय का कुणी. सासूसुद्धा म्हणाली, पुढं गप्प झाली. अंगद पहिल्यापेक्षा जास्त प्यायला लागला. मी जेवणं सोडलं.

एका दुपारी विजयमालाबाई आल्या. आमच्या मंडळीचे पास्टर युवराज, त्यांच्या त्या बायको. त्यांनी देवाचं नाव काढलं नाही. माझ्यासमोर शेंगांचा ढीग होता, त्या बसल्या आणि फोडायला लागल्या. बराच वेळ नुसता टरफलांचा आवाज. मग त्यांनी जन्मापासून आंधळ्या माणसाची गोष्ट सांगितली. शिष्य प्रभूला विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं का ह्याच्या आईबापाचं? आणि प्रभू सांगतो, कुणाचंच नाही.

"कुणाचंच न्हाई?" मी विचारलं.

"कुणाचंच न्हाई, सत्यशीला."

त्या दिवशी मी झोपले. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा. मी येशूला धरलं ते ह्या एका गोष्टीसाठी. चमत्कार मी मागितला नव्हता. मेलेलं परत मागण्याएवढी मी खुळी नाही. मला एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी म्हणावं, तुझ्यामुळं नाही.

पुढं अंगदही आला, सुटला, शुद्धीवर आला. आमचा बाप्तिस्मा ठरला. त्याच्या आधी मनातलं काय असेल ते पास्टरांजवळ बोलायचं असतं. मी त्यांच्या खोलीत बसून ताईताचं सांगितलं. म्हणाले, "मी भ्याले होते, बांधू दिला. त्याच्यामुळं तर न्हाई ना गेलं?" पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "न्हाई बहीण. प्रभू असा सूड घेत न्हाई. आणि हे इथंच राहील."

चावीचं मी सांगितलं नाही. ते पाप माझं नव्हतं. ज्याचं होतं तो बाहेर अंगणात त्याच गाडीवर बसला होता. मला वाटलं, सांगेल. आता शुद्धीवर आहे, सांगेल. आणि मग दर रविवारी तो साक्षीला उठला की माझा जीव गोळा व्हायचा, आज सांगणार. फोक सांगायचा, तांब्या सांगायचा, जोडवी सांगायचा आणि खाली बसायचा.

औंदा कड्याला मोठी सभा ठरली. पुण्याहून वक्ते येणार, मांडव, खुर्च्या, मोठे स्पीकर. प्रत्येक मंडळीतनं एक साक्ष. पास्टरांनी अंगदला निवडलं आणि तालमीसाठी आम्हा दोघांना घरी बोलावलं. विजयमालाबाईंनी चहा ठेवला होता. अंगद भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि पास्टर मोबाइलवर वेळ लावून बसले.

फोक झाला. तांब्या झाला. मग अंगद म्हणाला, "आणि आमचा शमुवेल, एकुलता एक..."

मी इकडंतिकडं बघितलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं सांगतोय.

"शमुवेल कोण?" मी विचारलं.

पास्टर हसले. "बहीण, स्टेजवरून हनुमान कसं म्हणायचं? शमुवेल बायबलातलं नाव हाय. बाहेरची माणसं येणार. ऐकणाऱ्याचं ध्यान दुसरीकडं जातं."

"त्याचं नाव हनुमान होतं."

"तो आता प्रभूपाशी हाय. तिथं नवं नाव मिळतं."

"ते तुमी ठिवता का?"

"सत्यशीला, बोलू दे," अंगद म्हणाला. आणि भिंतीकडं बघत बोलायला लागला. माझ्या बायकोनं अज्ञानात एका मुसलमान बाईकडून सैतानाचा ताईत घेतला, लेकराच्या गळ्यात बांधला, आणि गाठ बसली त्याच घडीला माझ्या शमुवेलाचा श्वास थांबला. तरी मी हिला माफ केलं. कारण प्रभूनं मला माफ केलं.

चहा उतू गेला. विजयमालाबाईंनी पातेलं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. माझ्याकडं बघितलं नाही.

मी पास्टरांना म्हणाले, "हे तुमी त्यांना सांगितलं. मी तर सांगितलं नव्हतं."

"नवराबायकोत काय लपवाछपवी, बहीण."

"तुमी म्हणालता, त्याच्यामुळं न्हाई गेलं. म्हणालता, हे इथंच राहील."

पास्टर वाईट माणूस दिसत नाही. तोच तर घोळ आहे. ते समजुतीनं बोलले, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. "तवा तुमाला धीर पाहिजे होता. आता लोकांना पाहिजे. बघा, लेकरू छाती भरून मेलं, ह्याच्यात देवाचं काय दिसतं? लोकांना कारण लागतं. ताईत सांगितला की पाच-पन्नास बाया तिथंच गळ्यातले दोरे तोडतील. शेवटी तुमी फक्त उभं राहायचं आणि मोठ्यानं आमेन म्हणायचं. जोडप्याची साक्ष एक असावी."

म्हणजे डॉक्टर आणि गाव जे बोलत होते तेच. ते गावात बसून बोलत होते, हे देवाच्या नावानं बोलणार आणि मी वर आमेन म्हणणार. आमेन म्हणजे तसंच आहे, असं मी माझ्या तोंडानं सांगायचं.

घरी आल्यावर अंगद गाडी पुसत बसला. मी समोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत जे तोंडातून काढलं नव्हतं ते काढलं.

"चावीचं कावून सांगत न्हाई?"

त्याचा हात टाकीवरच राहिला. सासू ओट्यावर तांदूळ निवडत होती, ती उठून आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. रामकिसननं सांगितलं असणार.

अंगद म्हणाला, "बाकीचं सगळं सांगता येतं. मारलं ते सांगता येतं. ते सांगितलं तर मी उभा राहू शकणार न्हाई. ते निघालं ना, सत्यशीला, मी परत पिणार. तुला म्हाईत हाय."

"म्हणून माझ्यावर घालायचं?"

"तुला तर माफी मिळालेली हाय. बाप्तिस्म्यालाच मिळाली. तुझ्यावर आलं तर तुझं काय जातंय?"

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझी माफी झालेली म्हणून माझ्यावर आणखी लादता येतं, गाढवावर जागा दिसली की गोणी टाकावी तसं.

सभेच्या आदल्या दिवशी विजयमालाबाई आल्या. शेंगा नव्हत्या, त्या नुसत्याच बसल्या. "एक आमेन तर हाय," त्या म्हणाल्या. "अंगदभाऊंचा तरी इचार कर. ह्या साक्षीवर उभा हाय तो माणूस."

"बाई, तुमी मला आंधळ्याची गोष्ट सांगितली ती खरी का उद्याची खरी?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग खाली बघत म्हणाल्या, "मला त्या घरात ऱ्हायाचं हाय, सत्यशीला."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त आला. पास्टरांनी माझा विश्वास मोडला तो त्यांच्या कामासाठी. ह्या बाईनं मला उठवलं होतं, खाऊ घातलं होतं, आणि आता हीच म्हणत होती परत खाली झोप.

कड्याला गेलो. कारखान्याच्या रस्त्याला मोकळं रान, तिथं मांडव. ऊन रणरणत होतं आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या. लुळी माणसं पुढं आणून बसवली होती, खाटेसकट एक म्हातारा. खोटं बोलणार नाही, मीही त्या म्हाताऱ्यासाठी प्रार्थना केली. माणसं काही मजा म्हणून येत नाहीत अशा ठिकाणी. सगळी दारं ठोठावून झाली की येतात. मी तशीच आले होते. म्हणून तर संताप होतो.

आमचं नाव पुकारलं. अंगदनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. तो चांगला बोलला. शमुवेल म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. ताईताची गाठ आली तेव्हा मांडवात हाय हाय झालं. एका बाईनं खरंच गळ्यातला काळा दोरा ओढून तोडला. पास्टर बरोबर होते. कारण लागतं लोकांना.

"आता आमची सत्यशीला बहीण," पास्टरांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. "बहीण, हे सगळं खरं हाय ना? मोठ्यानं म्हणा, आमेन."

मी अंगदकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत भीक होती. मी कबूल करते की त्या घडीला मला आमेन म्हणावंसं वाटलं. सोपं होतं. माणूस घरी नीट आला असता.

"आमेन, बहीण?"

"न्हाई," मी म्हणाले.

स्पीकरमधून ते माझंच मला परत ऐकू आलं.

"लेकराचं नाव हनुमान होतं. शमुवेल आमाला कुणी झालाच न्हाई. ताईत मी बांधू दिला, ते खरं हाय. गौसियाबाईनं आपल्या नातवाच्या गळ्यातला काढून दिला. तिच्यापाशी तेवढंच होतं आणि ते तिनं दिलं. माझ्याबरोबर डांबरीपर्यंत चालली तीच. तिला सैतानाची म्हणू नका. लेकरू ताईतानं मेलं न्हाई. छाती भरलती. गाडी दारात उभी होती. चावी ह्यांच्या खिशात होती. रामकिसन चावी मागायला गेलता, आणि ह्यांनी..."

माईक बंद झाला. मी पुढचं बोलले, पण ते पुढच्या दोन रांगांनीच ऐकलं. मागून ढोलकी आणि खंजिरी सुरू झाली, सगळ्यांना उठवून गाणं म्हणायला लावलं. टाळ्यांचा पाऊस. स्टेजच्या खाली, खुर्चीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हाताच्या खुणेनं मला वाकवलं.

"केवढा होता गं?" तिनं विचारलं.

"दीड वर्षाचा."

"चालत होता?"

"चालत होता."

बास. तिनं मान हलवली. त्या अख्ख्या मांडवात माझ्या लेकराबद्दल विचारणारी ती एकटी.

पडद्यामागं पास्टरांनी मला गाठलं. घामानं भिजले होते. "बहीण, तुमी आज प्रभूच्या कामाला खीळ घातली."

"प्रभूला हे सगळं आधीच म्हाईत होतं," मी म्हणाले. "म्हाईत नव्हतं ते तुमाला. तुमी कधी इचारलंच न्हाई."

विजयमालाबाई चपलांच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझी चप्पल शोधून माझ्या पायापुढं ठेवली आणि आत निघून गेल्या. मी ती चप्पल घातली. त्याहून जास्त काही त्यांच्याकडून घ्यायचं माझ्यात उरलं नव्हतं.

अंगद गाडीजवळ होता. तीच गाडी. लेकरू गेलं तरी त्यानं ती विकली नाही आणि मीही कधी विक म्हणाले नाही. मी मागं बसले. बाजार ओलांडून आम्ही कडा गावाच्या टोकाला आलो. तिथं देशीचं दुकान आहे. त्यानं गाडी थांबवली.

दुकानाच्या पायरीवर त्याचा एक जुना सोबती बसला होता. "अबे अंगद," तो म्हणाला, "किती दिसांनी. ये, ये, येशूला सांगत न्हाई आमी."

अंगद उतरला नाही. गाडी चालूच. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात जात होता. मी खाली उतरले.

"जायचं तर जावा," मी म्हणाले. "मी धरणार न्हाई. चावी द्या."

"तुला गाडी येत न्हाई."

"न्हाई येत. द्या."

त्यानं गाडी बंद केली. चावी काढली. माझ्याकडं न बघता हात पुढं केला. मी घेतली. गरम होती.

"बायकोनं चावी घेतली बे," पायरीवरचा हसला. आत कुणीतरी दुसरं हसलं.

अंगद गाडीवर तसाच बसून राहिला, पाय जमिनीला टेकवून. मी बाजूला उभी. मी प्रार्थना करत होते का? करत होते. पण हात जोडून नव्हे. मी देवाला एवढंच म्हणत होते, की तू आंधळ्याच्या वेळी जे बोललास ते आता मला एकदा परत सांग, कारण तुझी माणसं ते विसरली.

मग अंगद खाली उतरला. स्टँड काढलं, हँडल धरलं आणि गाडी ढकलायला लागला. दुकानाकडं नाही, आमच्या गावाकडं. चावी मागितली नाही. मीही दिली नाही. आमचं गाव तिथून कोसभर आहे. तो पुढं, मी मागं. दोन्ही बाजूला वाळलेली तूर, मधून जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, एकानं थांबून पेट्रोल संपलं का विचारलं. अंगदनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

ओढ्याच्या पुलावर तो थांबला. वळला नाही.

"रामकिसन आलता तवा मी शुद्धीत होतो," तो म्हणाला. "एकच गिलास झाला होता. समजत होतं मला सगळं."

ही त्याची साक्ष. माईक नाही, टाळ्या नाहीत, ऐकायला मी आणि खालचा कोरडा ओढा. एवढी वर्षं मी हीच ऐकायला त्या सतरंजीवर बसत होते, आणि आता ती आली तर ती मला वाटलं होतं त्याहून वाईट होती. मी समजत होते तो नशेत होता.

आमेन म्हणायची खरी जागा ती होती. मी म्हणाले नाही. माफ केलं असंही म्हणाले नाही, आणि कुणी तसं समजूही नये.

पुलापुढं चढ लागतो. त्याला एकट्याला गाडी वर जाईना, चाक मागं यायला लागलं. मी चावी कमरेला खोचली आणि मागून हात लावला.